ब्रेककाकांचा कॉम्प्युटर

रोज सकाळी चहाचा कप विसळून झाला की ब्रेककाका पिवळं फडकं घेऊन खाली जायचे आणि उभ्या गाडीचे आरसे पुसायचे. आधी आतला, मग दोन्ही बाजूंचे. गाडी कुठेही जायची नसायची. काकांना समोरचं नीट दिसे, पण काचबिंदूमुळे कडेचं दिसत नसे, म्हणून डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. "पुसायला हात लागणारच," हा काकांचा खुलासा.

हे माझ्या मावशीचे यजमान. त्यांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि त्याच्यावर काकांचा इतका जीव की सगळी गल्ली त्यांना त्याच नावाने ओळखू लागली. मावशी म्हणायची, "संसारात माझं एक वाक्य पुरं झालं नाही. मध्येच ब्रेक दाबतात."

शिकवणी बंद झाली तेव्हा एक विद्यार्थिनी अर्ध्यावर राहिली होती, समोरच्या घरातली नर्स. तिला फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर काम मिळत होतं, पण गाडी तिनेच चालवायची होती आणि परवाना मिळत नव्हता. चढावर थांबवलेली गाडी पुढे नेताना मागे घसरायची. दोनदा नापास झाली. या खेपेलाही तेच झालं तर काम दुसऱ्या कुणाला देणार होते. सरावाला शेजारी तिचा भाऊ बसायचा. काका गॅलरीत उभे राहून नुसते चरफडायचे.

मग त्यांना युक्ती सुचली. तिने एक मोबाइल पायांपाशी लावायचा, दुसरा समोरच्या काचेला. दोन्ही चित्रणं काकांकडे. काका ती एकाच चौकटीत जोडणार, वेग कमी करणार आणि वर आपला आवाज देणार. प्रयोग मावशीच्या मोबाइलवर झाला. मोबाइल आधी तापला, मग बंद पडला.

"चला, इस्त्रीची सोय झाली," मावशी म्हणाली. पण कॉम्प्युटरला तिनेच होकार दिला. अट एकच, वॉशिंग मशीनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत बसला पाहिजे.

दुकानात मला नेलं.

"काका, माझं एम.ए. साहित्यात झालंय."

"मग दुकानदाराशी नीट बोलशील. चल."

दुकान सेकंडहँड मालाचं होतं. काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "एकाच हातचा आहे का?"

दुकानदार गडबडला. "म्हणजे, एका ऑफिसातला आहे."

"ऑफिसातला नको. दहा जण हाताळतात, आपलं कुणीच समजत नाही. चालू करून दाखवा."

टेबलाखाली एक जाडजूड काळा डबा होता. दुकानदार सांगू लागला, "काका, व्हिडिओ जोडायचे तर हाच घ्या. रॅम भरपूर, ग्राफिक्स कार्ड वेगळं, हार्ड डिस्क पुढे वाढवता येते. दिसायला बोजड आहे एवढंच." त्याने बटण दाबलं. डबा घुरघुरला.

काकांनी कान टेकवला आणि चेहरा पाडला. "इंजिन गेलंय याचं."

"इंजिन नाही काका, पंखा आहे तो."

"चाळीस वर्षं आवाज ऐकतोय मी. हे खोलावं लागणार."

शेजारी एक सडपातळ, चंदेरी लॅपटॉप होता. चालू आहे की बंद, कळतच नव्हतं. काकांनी कान लावला आणि त्यांना जावई पसंत पडल्यासारखं हसू फुटलं. दुकानदाराने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, याला पंखाच नाही. पत्रं लिहायला ठीक आहे." मी ते काकांना सांगितलं. काका म्हणाले, "विकायचा नसला की असंच बोलतात." आणि मी, दुकानदाराशी नीट बोलायला आणलेली, गप्प बसले.

घरी चंदेरी लॅपटॉपने पहिलं चित्रण झकास दाखवलं. दुसरं जोडताच तो विचारात पडला. व्हिडिओ तयार व्हायला लावला तर निम्म्यावर जाऊन अंग गरम करून बसला. काका दिवसभर त्याला वर्तमानपत्राने वारा घालत होते.

"अहो, मला तापात कधी घातला नाहीत वारा," मावशी म्हणाली.

नर्सची परीक्षा आठवड्यावर आली होती. काकांनी लॅपटॉप गुंडाळला आणि मला घेऊन ते पुन्हा दुकानात निघाले. दुकानदार भला माणूस, त्याने अदलाबदल करून दिली. "काका, घुरघुरतो म्हणून तर थंड राहतो तो."

"हे आधी नाही का सांगायचं?" काका म्हणाले. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

काळा डबा जेवणाच्या टेबलाखाली विराजमान झाला. शेजारी शेजारी लावलेल्या दोन चित्रांतलं एक काकांना दिसेना, म्हणून त्यांनी ती एकाखाली एक लावली. वर चढ, खाली पाय. पंख्यामुळे काही ऐकू येईना तेव्हा माझे हेडफोन चढवले, आणि दोन मिनिटांत ते ओढून काढत गॅलरीत धावले.

"सिस्टर! गाडीत गाणी कोण लावतं?"

समोरच्या खिडकीतून नर्स म्हणाली, "भाऊ लावतो. मला भीती वाटू नये म्हणून."

"अगं, क्लच हळूहळू वर आणला की इंजिनचा आवाज जड होतो. तो जड झाला की मगच ब्रेक सोडायचा. तुला आवाजच येत नाहीये, तू पाय अंदाजाने उचलतेयस! भाऊरायाला सांग, गाणं बंद."

"भीती वाटली तर?"

"वाटू दे. गाडी ऐकू आली पाहिजे."

तिने गाण्याशिवाय पुन्हा चित्रण केलं. काकांनी ते जोडलं, आवाज जड होतो तिथे वेग संथ केला आणि म्हणाले, "हा. इथे. आता सोड." एवढंच. नर्स ते येता-जाता ऐकत राहिली.

परीक्षेच्या दिवशी दुपारी मी तिथेच होते. काका माइक तोंडापाशी धरून नर्सच्या मैत्रिणीसाठी रिव्हर्सचा धडा सांगत होते. ती कधीतरी शिकेन म्हणाली होती, काकांनी वाट बघितली नव्हती. एवढ्यात दार ढकलून नर्स आत आली. "काका, पास! इंचभरही मागे नाही गेले!"

काकांनी तिच्याकडे न बघता हात वर करून तिला थांबवलं, वाक्य पुरं केलं आणि बटण दाबलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"तिचं ओरडणं आलं ना त्यात," मावशी म्हणाली. "ते कापा आता."

"असू दे," काका म्हणाले. "चहा टाकतेयस ना? तिचाही टाक."