फ्यूज माझ्या खिशात होता

मी इथले अनुभव नेहमी वाचतो, लिहायची ही पहिलीच वेळ. आधीच सांगतो, माझा या प्रकारांवर काडीचाही विश्वास नाही. ‘नव्हता’ असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला बोलू... अजूनही नाही. मी विजेच्या कामातला माणूस. सर्किट पूर्ण असेल तर दिवा लागतो, नसेल तर लागत नाही, इतकं साधं आहे ते. इथलं काही वाचून बायकोने अंगावरचा काटा दाखवला की मी म्हणायचो, “कुठेतरी वायर लूज असणार, दुसरं काय.” तेव्हा माझं हे वाचून कुणी तसंच म्हणालं तर मला राग येणार नाही. उलट ती लूज वायर कुणी शोधून दिलीत तर उपकार होतील.

आम्ही मूळचे तासगावकडचे. मी केंद्र सरकारच्या एका वीज कंपनीत सबस्टेशनच्या देखभालीवर आहे. बदल्या होत होत सहा वर्षांपूर्वी चंडीगडला आलो. मनीमाजऱ्यात, आयटी पार्कच्या थोडं अलीकडे, भाड्याच्या घरात राहतो. मी, बायको वैशाली, मुलगी ईरा आणि माझा धाकटा भाऊ महेश. महेशला पिंजौरजवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. म्हणजे मीच ओळखीने लावून दिली होती. “गावात बसून काय करणार, ये इकडे,” असं म्हणून त्याला हजार मैलांवर आणणारा मीच.

त्याची पहिली शिफ्ट सातची. सहाच्या ठोक्याला मोटरसायकल काढायचा. पंचकुला, मग चंडीमंदिर, सूरजपूर आणि पुढे पिंजौर. एरवी हा रस्ता झकास आहे. पण डिसेंबर-जानेवारीत इथे जे धुकं पडतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगून कळत नाही. आपलं धुकं फोटो काढायचं असतं. इथलं धुकं म्हणजे स्वतःच्या गाडीचं पुढचं चाक दिसलं तरी नशीब. त्यात हेडलाइट लावला की पांढरा उजेड धुक्यावर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो. म्हणून इथली मंडळी मोटरसायकलच्या क्रॅश गार्डवर, अगदी खाली, दोन पिवळे जादा दिवे बसवून घेतात. पिवळा उजेड खाली पडतो आणि निदान रस्त्याची कड दिसते.

महेशनेही दिवे आणले. “गल्लीतला मेकॅनिक अर्ध्या तासात लावून देतो म्हणतोय,” असं जेवताना म्हणाला.

“तो हेडलाइटच्या वायरीला पिळा मारून वर चिकटपट्टी लावणार,” मी म्हटलं. “महिन्याभरात वायरिंग जळेल. मी बसवतो.”

“तू कधी बसवणार, दादा? तुला वेळ कुठंय?”

“रविवारी.”

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी दुपारी ऊन पडलं तेव्हा गाडी खाली अंगणात घेतली आणि बसलो. मी काम करतो ते रीतसर करतो, त्याबद्दल घरात माझी टिंगलही होते. बॅटरीपासून वेगळी वायर काढली, मध्ये फ्यूजची डबी, मग रिले, हँडलवर स्विच. प्रत्येक जोड सोल्डर करून वर रबरी नळी बसवली. महेश शेजारी पाटावर बसून संत्री सोलत होता आणि मला फोडी भरवत होता, कारण माझे हात काळे झाले होते. “चंद्रावर जायचं यान बांधतोयस काय?” असं दोनदा विचारलं त्याने.

टाकीखालचा एक जोड राहिला. रबरी नळी संपली आणि दुकान बंद. उघड्या जोडावर सप्लाय द्यायला मी तयार नव्हतो.

इथे आमच्या कामातली एक रीत सांगायला हवी. लाइनवर कुणी काम करत असेल तर तो आधी फ्यूज काढतो आणि स्वतःच्या खिशात ठेवतो. काम संपेपर्यंत तो फ्यूज त्याचाच. साहेबाने मागितला तरी द्यायचा नाही. वर माणूस असताना खाली कुणीतरी सप्लाय चालू केला तर काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे हात असे वळलेत की घरची बेलही दुरुस्त करताना फ्यूज खिशात जातो. त्या रविवारीही गेला. मोकळ्या डबीचं टोपण लावलं, त्यावर लाल टेप गुंडाळली आणि सवयीप्रमाणे पेनाने सही केली. “दोन दिवस थांब,” महेशला म्हटलं.

सोमवारी ऑफिसात काम निघालं. मंगळवारीही तेच. मंगळवारी संध्याकाळी महेश म्हणाला, “दादा, उद्या धुकं जास्त आहे म्हणतात. फ्यूज तरी दे की. टेप लावून चालवतो चार दिवस.”

मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. “अर्धवट कामावर सप्लाय द्यायचा नसतो. एवढी घाई असेल तर बसने जा.”

तो हसला आणि ईराशी खेळायला गेला. बस्स, एवढंच. भांडणसुद्धा झालं नाही.

बुधवारी तो सहाला निघाला. सव्वाआठला फोन आला. पंचकुल्याच्या एका हॉस्पिटलात पोचलो तेव्हा त्याला आत नेलं होतं. सूरजपूरच्या पुढे एका वळणावर रस्त्याची कड न दिसून गाडी सरळ खाली ओढ्याच्या खड्ड्यात गेली होती. उजवा पाय गुडघ्यापासून चेंदला होता आणि रक्त खूप गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास तिथे पडून राहिला असता तर थंडीनेच गेला असता. मी फॉर्मवर सही करायला खिशातून पेन काढलं आणि पेनाबरोबर तो फ्यूज बाहेर आला. तीन दिवस मी शर्ट बदलत होतो आणि फ्यूज या खिशातून त्या खिशात टाकत होतो. तिथेच बाकावर बसलो.

आता पुढचं. महेशला तिथे आणलं होतं एका नवरा-बायकोने. त्या वळणावर त्यांची चहाची रेहडी आहे, म्हणजे हातगाडी. दोघंही अजून बाहेर थांबून होती. बाईंच्या शालीला रक्त लागलं होतं. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी हात धरले.

“हमने क्या किया जी,” बाई म्हणाल्या. “वो तो लाइटें जल रही थीं, तो दिख गया. नहीं तो इस धुंध में कौन देखता.”

“कौनसी लाइटें?”

“वो पीली वाली. दो थीं. नीचे खड्ड में, मुँह ऊपर को. मैंने इनसे कहा, देखो, कोई गाड़ी गिरी है.”

मी त्यांच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो अबोल माणूस होता. त्याने नुसता उजवा तळहात पुढे केला. बोटांच्या मुळाशी लाल चट्टा होता. “बाइक उठाने लगा तो लाइट पे हाथ पड़ गया,” तो म्हणाला. “गरम थी बहुत. लड़के को ऊपर लाए, फिर पीछे देखा तो बंद.”

त्यांच्या मदतीला एक दूधवाला टेम्पो थांबला होता, त्यातूनच महेशला आणलं. त्या ड्रायव्हरला मी नंतर गाठलं. त्यानेही न विचारता तेच सांगितलं. दोन, पिवळे, वरच्या दिशेला.

हॉस्पिटलात त्या दोघांचं बोलणं माझ्याबरोबर आलेल्या वैशालीनेही ऐकलं होतं. तिने तिथेच गावाला माझ्या आईला फोन लावला आणि रडत रडत म्हणाली, “यांनी रविवारी दिवे बसवले म्हणून भावजी वाचले हो...” मी तिच्याकडे बघत राहिलो. फ्यूज परत खिशात टाकला.

पाचव्या दिवशी मीटर घेऊन पोलीस चौकीत गेलो. गाडी मागच्या आवारात पडली होती. हेडलाइट फुटून चुरा झालेला. उजव्या पिवळ्या दिव्याची काच तडकलेली, डावा शाबूत. फ्यूजच्या डबीवर लाल टेप जशीच्या तशी, माझी सहीसुद्धा. टेप काढली. आत रिकामं. काळवंडल्याची एक खूण नाही. मीटर लावून प्रत्येक वायर तपासली, कुठून बॅटरीचा करंट चोरवाटेने दिव्यापर्यंत जाऊ शकतो का ते पाहिलं. नाही जाऊ शकत. टाकीखालचा तो उघडा जोडही कशालाच टेकलेला नव्हता. बॅटरी पार उतरलेली होती, पण किल्ली चालू राहिली की ती उतरतेच, त्याचं काही नाही. तासभर गुडघ्यावर बसून होतो. शेवटी चौकीतले कारकून, मुन्शीजी, चहा घेऊन आले आणि म्हणाले, “छोड़ो भाईसाब, बंदा बच गया ना.”

दुसऱ्या कुठल्या वाहनाचे दिवे असतील? ते खाली खड्ड्यात कसे? आणि हात कशाने भाजला? बाईंनी मला बरं वाटावं म्हणून रचून सांगितलं? त्यांना काय पडलीय. आणि तो ड्रायव्हर तर त्यांना ओळखतही नव्हता. मी सगळीकडून विचार करून थकलो.

महेश अकरा दिवसांनी घरी आला. पाय वाचला, पण गुडघा आता वाकत नाही. कारखान्यात त्याला मशीनवरून स्टोअरमध्ये बसवलंय. लग्नाचं एक बोलणं चाललं होतं, ते त्या लोकांनी गुपचूप थांबवलं. त्या सकाळचं काही आठवत नाही, असं तो म्हणायचा. घरातून निघालो एवढंच आठवतं, पुढे कोरं. कुणी भेटायला आलं की वैशाली दिव्यांची गोष्ट सांगायची. ईरा मराठी समजते पण बोलते हिंदीतच. ती मध्येच म्हणायची, “पापा ने लाइट लगाई थी ना, इसलिए चाचू बच गए.” आणि महेश मान हलवून म्हणायचा, “दादामुळेच.”

माझ्या जागी असाल तर कळेल. शिवी दिली असती तर सोसली असती. हे ‘दादामुळेच’ सोसवेना. फ्यूज माझ्या खिशात होता हे मी कुणालाही सांगितलं नाही, वैशालीलाही नाही. सव्वा वर्ष त्या कौतुकाचा चहा पीत बसलो. लाज वाटते लिहायला. आईने गावच्या देवळात माझ्या नावाने नारळ फोडला, तेव्हा तर दोन दिवस जेवण गेलं नाही.

मागच्या रविवारी दुपारी आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. त्याचा पाय स्टुलावर, मी तेल लावून देत होतो. मी वर न बघता सगळं सांगून टाकलं. फ्यूज, टेप, चौकीत काय दिसलं, सगळं. “तू मला मोठं करतोस ते खोटं आहे, महेश. दिवे बंद होते. मीच बंद ठेवले होते,” असं म्हणालो.

त्याने तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, “माहितीय मला.”

“काय माहितीय?”

“घरातून निघालो आणि चौकातच स्विच दाबून बघितला होता. म्हटलं, दादानं गुपचूप लावून ठेवला असंल. नाही लागले. मग चंडीमंदिरपर्यंत तुला शिव्या घालत गेलो.”

“म्हणजे तुला आठवतंय सगळं?”

“आठवतंय की.”

“मग एवढे दिवस...”

“तू हॉस्पिटलात कसा बसला होतास ते वहिनीनं सांगितलं मला. जेवत नव्हतास, बोलत नव्हतास. मी खरं बोललो असतो तर आईसमोर तुझं काय झालं असतं? एक पाय गेला तेवढा बास की घरात.”

मी तेलाचा हात फडक्याला पुसला. अखेर विचारलं, “मग त्या लोकांनी पाहिलं ते काय होतं?”

“ते मला काय माहीत. तू इंजिनियर.” मग त्याने पाय जरा सरळ केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “पण मी पण बघितलं, दादा. खाली पडलो तेव्हा सगळं काळं होतं, आणि मग एकदम पिवळं झालं, सगळं धुकंच पिवळं. थंडी वाजायची थांबली.”

“मग?”

“मग काय. मला वाटलं, तू आलास.”

मीटरमध्ये ते सापडत नाही आणि दुसरीकडे कुठे शोधायचं ते मला येत नाही. मला एवढंच नक्की माहीत आहे की त्या वेळी मी मनीमाजऱ्यात, घरी, रजईत झोपलो होतो.