फौजीनं विझवलेला राब

मुरबाडहून जीपनं परत येताना टोकावड्याच्या अलीकडच्या वळणावर आमचं घर दिसतं. त्या दुपारी घराआधी घरमालक दिसला, कमरेवर हात ठेवून शेताच्या बांधावर उभा. त्याच्यामागे अर्धा गाव. आणि समोर रिकाम्या बादल्या घेऊन आमची सगळी मंडळी. आता काय दिवे लावले यांनी, असं पुटपुटतच मी जीपमधून उतरले.

ज्यांना घर उरलेलं नाही अशा माणसांसाठी हे घर आम्ही भाड्यानं घेतलंय. कुणाला मुलांनी बाहेर काढलेलं, कुणी इस्पितळातून सुटलेलं पण जायला जागा नसलेलं. इथे काही महिने राहायचं, तब्येत सावरायची, आधारकार्डापासूनची कागदपत्रं करून घ्यायची, काम शोधायचं आणि मग आपल्या भाड्याच्या खोलीत जायचं. फौजी त्यातलाच. सैन्यातून निवृत्त झालेला देशावरचा माणूस. बायको गेली, भावांशी फाटलं, आणि हा फिरत फिरत मुरबाडच्या एसटी स्टँडवर येऊन बाकड्यावर झोपायला लागला. मी त्याला आणला तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. आता कुठे सगळ्यांच्या पंगतीत बसायला लागला होता, आणि एका गोदामावर वॉचमनचं काम जवळजवळ ठरलं होतं.

झालं होतं ते असं. उन्हाळा सरत आला की आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, डहाळ्या, पालापाचोळा यांचे थर रचतात, वरून माती पसरतात आणि ते सगळं भाजून काढतात. त्याला राब म्हणतात. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण देशावर राब कुठला? फौजीनं खिडकीतून शेतात धूर पाहिला आणि घराशेजारी आग लागली म्हणून तो सुटला. राब पेटवून मालक पलीकडे आंब्याखाली बसला होता, तो याला दिसलाच नाही. यानं सगळ्यांना हाका मारून बाहेर काढलं, टाकीपासून बांधापर्यंत रांगेत उभं केलं आणि भराभर बादल्या रिकाम्या करायला लावल्या. मालक ओरडत धावत आला, तर तो मदतीलाच आलाय असं वाटून यानं एक बादली त्याच्याही हातात दिली.

मला हसू फुटलं असतं, पण मालकाचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. शेण, पाला, माती, सगळ्याचा नुसता लगदा झाला होता. आणि टाकीतलं पाणीही गेलं होतं, जे आम्ही टँकरवाल्याच्या हातापाया पडून मिळवतो.

"ताई, तुमाला घर दिला तवा गावाची बोलणी मी खाल्ली," मालक म्हणाला. "आता नाय. हा मिलिटरीवाला उद्या इथं दिसला नाय पायजे. नायतर घर खाली करा."

फौजी ताठ उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मी जातो. स्टँड आहे."

माझं डोकंच फिरलं. इतके महिने जिवाचं रान करून याला माणसात आणलं ते काय पुन्हा बाकड्यावर झोपायला? पण याला ठेवला तर बाकीच्यांनी कुठे जायचं? मालकाचंही काही चुकत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. मी म्हटलं, "दादा, राब आम्ही परत रचून देतो. तोवर थांबा. मग काय ते बोलू."

"शेण कुठून आणाल? या दिवसात पाला तरी मिळतो काय?"

"ते माझ्यावर सोडा," मी म्हटलं. मला स्वतःला काडीची कल्पना नव्हती.

मग आम्ही दारोदार शेण मागत फिरलो. काहींनी दिलं, काहींनी तोंडावर दार लावलं. फौजी सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर पाटी घेऊन, दार लागलं तरी रामराम करून पुढच्या दारात जायचा. माळावरचा, ओढ्याकाठचा पाला आम्ही खराट्यानं गोळा केला. थर आमचे वेडेवाकडे पडत होते. शेवटी मालकाची बायकोच पदर खोचून आली, "असं नाय गो, अशानं निम्मा कच्चाच राहील," म्हणाली आणि आमच्या हातातलं काढून घेऊन रचायला लागली. त्या दिवसांत फौजी जेवताना पुन्हा भिंतीकडे वळला होता. 

राब रचून झाला आणि मालकानं खिशातून काडेपेटी काढून फौजीपुढे धरली.

"तुझ्या हातानं पेटव. गावातले निम्मे राब अजून पेटायचे हायेत. रोज कुठं ना कुठं धूर निघंल. दर टायमाला तू बादली घेऊन धावणार काय? आज बघून घेतो. जमलं तर राहा."

बोलणं रास्त होतं. पुन्हा गाव जमला. फौजीनं काडी ओढली, ती मोडली. दुसरी पेटली आणि बोटातच विझली. त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला. मी मनात म्हणत होते, पेटव रे बाबा, एकदाच पेटव. त्यानं काडेपेटी मालकाच्या हातात परत ठेवली.

"नाही जमत," तो म्हणाला. "ड्यूटीवर असताना आमची गाडी जळाली होती. आत माणसं होती. पळून जाणार नाही, इथं उभा राहतो. पण न सांगता धूर दिसला की पाय माझं ऐकत नाहीत. आधी कुणी सांगितलं तर ऐकतील."

"म्हंजे आता गावानं तुला विचारून राब पेटवायचा?"

"विचारून नाही, सांगून," मी मध्येच बोलले. माझा आवाज चढला होता. "एक हाक मारायला काय जातं तुमचं?"

मालक पुढे झाला. वाकून त्यानंच राब पेटवला. फौजी पाठीमागे हात बांधून उभा राहिला, डोळे उघडे ठेवून, पार राख होईपर्यंत. गाव पांगला. घराचं काय, ते मालकानं सांगितलं नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पडवीत चहा घेत होतो. फौजीची पिशवी भरून त्याच्या पायाशी होती. एवढ्यात वरच्या अंगाच्या शेतातून हाक आली. कोण ते दिसलं नाही.

"ओ फौजी, राब पेटवताव रे!"

फौजीनं वरच्या शेताकडे पाहिलं. त्यानं कप खाली ठेवला, उभा राहिला आणि ओरडून म्हणाला, "हां, पेटवा."

मग पलीकडून दुसरी हाक आली, आणखी लांबून तिसरी. तो प्रत्येकाला उत्तर देत राहिला. मी आत जाऊन पदर डोळ्यांना लावला. स्वयंपाकाच्या मावशीनं विचारलं, काय झालं गो. धूर गेला डोळ्यांत, असं सांगणार होते, पण धूर अजून निघायचाच होता.