भिडू म्हणून सासरे

बेतवेच्या धरणावर आम्ही काही हौशी लोक रविवारी शिडाच्या होड्यांची शर्यत लावतो. होड्या पाच आणि नियम एकच, प्रत्येक होडीत माणसं दोन हवीत. मी कॉलेजात असताना शिडाची होडी हाकायला शिकले, लग्न करून झाशीला आले, हट्टानं जुनी होडीही मिळवली. दुसरं माणूस काही मिळेना. दोन हिवाळे काठावर बसून इतरांसाठी टाळ्या वाजवल्या, आणि मला टाळ्या वाजवायला मुळीच आवडत नाही.

नवऱ्याला पाणी फक्त बादलीतलं झेपतं. शेवटी इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं, 'होडीसाठी भिडू हवा. वजन ऐंशी किलोच्या पुढे असल्यास उत्तम.' वारा होडी कलंडवतो तेव्हा दुसऱ्या बाजूला वजन लागतं, एवढाच त्याचा अर्थ. तरी तीन जणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. चिरगावचा एक ओळखीचा दुकानदार मात्र आला, होडीभोवती फिरला आणि म्हणाला, "भाभीजी, इंजन कहाँ है?" इंजिन नसतं म्हटल्यावर मिळेल त्या बसनं परत गेला.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "सूनबाई, मी येऊ का?" सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, पोहणं पक्कं, वजन पंच्याऐंशी. मला नाही म्हणणं परवडणारं नव्हतं.

होडी वळते तेव्हा शिडाखालचा आडवा दांडा सपकन या बाजूचा त्या बाजूला जातो. भिडूनं वेळेवर वाकायचं असतं. पण आमच्या घरात सासऱ्यांना कुणी 'वाका' म्हटलेलं नाही. पहिल्या वळणावर "बाबा, आपल्याला त्रास होणार नसेल तर जरा" इथवर मी पोचले आणि दांडा त्यांची टोपी घेऊन गेला. दुसऱ्या वळणावर "बाबा, माफ करा, पण आता" झालं आणि तो कानशिलाला चाटून गेला. तिसऱ्या वळणावर वाऱ्याचा झोतच आला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वाक रे म्हाताऱ्या!"

ते वाकले. आम्ही चौथे आलो. घरी आल्यावर ते हातपाय धुऊन थेट पानावर बसले. भिडू तर गेलाच, आता सासरही जाणार, असं धरून मी पोळ्या वाढायला घेतल्या.

"कशी झाली शर्यत?" सासूबाईंनी विचारलं.

"हिनं मला म्हातारा म्हटलं."

सासूबाईंची पळी वरणातच राहिली. नवरा ताटात बघायला लागला.

"रिटायर झाल्यापासून तुम्ही सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलता," सासरे म्हणाले. "आज कुणीतरी कामाला लावलं." मग कानशील चोळत माझ्याकडे वळले. "पुढच्या रविवारी पहिल्या वळणापासूनच ओरड. चांगली टोपी गेली माझी."