त्याच्या नावाचं पार्सल

आमच्या घरात दुसऱ्याच्या नावाचं टपाल कोणी उघडत नसे. वडील अमरावतीला वकिली करत. शेतकऱ्याच्या घरातून शिकून वर आलेला माणूस, त्यामुळे कागदाचा त्यांना भारी मान. माझ्या नावाचं साधं पोस्टकार्ड आलं तरी ते उलटं करून टेबलावर ठेवत, आणि मी शाळेतून येईपर्यंत त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. वडील गेले, पोस्टकार्डंही गेली, पण आईनं हा नियम काही सोडला नाही. आई फसली ती या नियमामुळेच, असं मी नातेवाइकांना सांगते. ते ऐकतात आणि मान हलवतात.

मी अकोल्याला शाळेत शिकवते. आवाज मोठा आहे, राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि हे दोन्ही गुण मला चांगले ठाऊक आहेत. आई अमरावतीला जुन्याच घरी एकटी राहते. माझ्याकडे चल म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असतं. "मी तिकडं आली अन् तो इकडं आला, तं कुलूप पाहून वापस जाईन ना वं तो."

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. अमरावतीत गल्लोगल्ली स्पर्धा परीक्षांचे क्लास आहेत. त्यातल्या बऱ्याच क्लासांच्या पायऱ्या त्यानं झिजवल्या. दर वर्षी थोडक्यात राहायचं आणि दर वर्षी आई म्हणायची, पुढच्या खेपेला होईल. मग परतवाड्याला चुलतबहिणीचं लग्न निघालं. पंगतीत जो भेटेल तो त्याला एकच विचारत होता, "काय करून राहिला सध्या?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसेलही, आपल्याकडे बोलायला सुरुवात तिथूनच होते. तो ताटावरून अर्धवट उठला. महिनाभरानं पुण्याकडे कंपनीत काम लागलं म्हणून निघून गेला. सुरुवातीला फोन यायचे, मग कमी झाले, मग नंबरच बंद झाला. मित्रांकडे विचारून झालं. पोलीस ठाण्यातही जाऊन आले. मुलगा सज्ञान आहे, सांगून गेला आहे, त्याला हरवलेला कसं म्हणायचं, असं तिथे म्हणाले. याला आता पाचवं वर्ष लागलं.

मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी आईचा फोन आला. आवाजात असा काही उजेड होता की मला वाटलं, आलाच तो. "तुह्या भावाचं पार्सल आलं वं! त्याचं नाव हाय वरतं. पोस्टातलं नाही, ते गाडीवर येते ना, त्यातलं." कुठून आलं, काय आहे, विचारलं तर म्हणाली, "मले काय मालूम? त्याचं हाय, तो आला का उघडन."

मी चार दिवस त्याच विचारात होते. मग दुसरं पार्सल आलं, मग तिसरं. आणि बोलता बोलता आईच्या तोंडून निघालं की या पार्सलांचे ती दारात पैसे देते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. न मागवलेली पार्सलं पाठवायची, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून दारात पैसे घ्यायचे, हा धंदा मी वर्तमानपत्रात वाचला होता. मुलांना वर्गात सांगितलाही होता. आणि इथे माझीच आई! शनिवारची अर्धी शाळा आटोपली आणि मी बसस्टँड गाठलं. मूर्तिजापूर येईपर्यंत तिला काय काय बोलायचं ते मनात पाठ करत होते.

भावाच्या पलंगावर पार्सलं रचून ठेवली होती. प्रत्येकावर कुंकवाचं बोट. नवी वस्तू घरात आली की आई आधी कुंकू लावते, मग ती फ्रिज असो की केरसुणी. तो लाल टिपका पाहिल्यावर पाठ केलेलं सगळं बोलायचं राहून गेलं, आणि त्याचाच राग येऊन मी जास्त ओरडले.

"आई, हे चोर आहेत! त्यानं काहीही मागवलेलं नाही. तुला लुटताहेत."

"नाव त्याचं हाय, पत्ता आपला हाय," आई म्हणाली. "तो सामान मंगवून राहिला म्हंजे यायच्या तयारीत हाय. एवढं शिकली तू, अन् एवढं नाही समजत तुले?"

मी स्वयंपाकघरातून चाकू आणला. आई मध्ये आली. "दुसऱ्याचं उघडू नको म्हनते ना! तुह्या बापानं कधी उघडलं का?" मी ऐकलं नाही. एका पाकिटातून साडीचा फाटका तुकडा निघाला. दुसऱ्यात चाकं नसलेली खेळण्यातली मोटार. तिसऱ्यात अत्तराची रिकामी बाटली, वास घ्यायला सुद्धा काही नाही. मी एकेक वस्तू आईसमोर धरत गेले. आई आधी चिडली होती, मग पलंगाच्या कडेला बसून आपल्याच हाताकडे पाहत राहिली. मी बरोबर होते, आणि बरोबर असण्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

सगळ्यात खालचा खोका उरला. आई हळूच म्हणाली, "हे पयलं. ह्याचे पैसे नोयते घेतले गाडीवाल्यानं."

त्यात बूट होते. काळे, जाड, पुढे बोटांवर लोखंडाची टोपी असलेले. कारखान्यात जड सामान उचलणारे घालतात तसले. आत नऊ नंबर लिहिलेला. भावाला नऊ नंबरच लागतो. दहावीत असतानाच त्याचे पाय वडिलांपेक्षा मोठे झाले होते आणि घरात त्यावरून केवढी चेष्टा व्हायची. मी खाली जमिनीवरच बसले.

मग मी आईला समजावून सांगितलं, म्हणजे स्वतःलाच सांगत होते. हे पार्सल खरं होतं. ते त्यानं स्वतःसाठी मागवलं, पैसेही आधीच भरले. पण मोबाइलमध्ये पत्ता जुनाच राहिलेला असणार, क्लासची पुस्तकं मागवायचा तेव्हाचा. तो बदलायचं विसरला आणि बूट इकडे आले. त्याच खरेदीवरून त्याचं नाव आणि आपला पत्ता कुठून तरी चोरांच्या हाती लागला, आणि मग ही सगळी खोटी पार्सलं सुरू झाली. एक खरं आणि त्यामागून बाकी लबाडी.

आईनं बूट मांडीवर घेतला. पदरानं पुसला, नवाकोरा होता तरी. बराच वेळ आत हात घालून बसली. मग म्हणाली, "मंग त्यानं आता पायात काय घातलं असन वं?"

माणूस आहे, काम करतो आहे, जड कामच करतो आहे, एवढं त्या बुटांनी सांगितलं. कुठे ते सांगितलं नाही. लेबलावर फोन नंबराच्या जागी नुसत्या फुल्या होत्या. बूट पाठवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्रावर फोन करून मी घसा बसेपर्यंत भांडले. ग्राहकाची माहिती देता येत नाही, असं तिकडची मुलगी फार गोड आवाजात पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मी बहीण आहे म्हटलं. तरी ती तेच म्हणाली.

नाताळच्या सुट्टीत मी पुन्हा अमरावतीला गेले. चोरांना धडा शिकवायचा असं ठरवूनच गेले होते. सकाळी दहाच्या सुमारास फाटकाशी गाडी थांबली. मोठी पिशवी लावलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस हेल्मेट न काढताच ओरडला, "मावशी, पार्सल! कॅशचं हाय."

आईच्या आधी मी दारात. "आम्हाला नको. परत न्या. आणि यापुढे या नावाचं काही आणू नका."

"म्याडम, मले काहून झापता? मी काय घरून भरून आनतो का?" तो वैतागला. "वापस टाकाचं म्हनलं तं कस्टमरले फोन लावा लागते पयले. अन् हा तं कधी उचलतच नाही."

"कोण उचलत नाही?"

"ज्याचं पार्सल हाय तो. दर खेपेले लावतो ना मी. घंटी जाते, उचलत नाही."

म्हणजे नाव-पत्त्याबरोबर त्याचा नवा नंबरही चोरांकडे गेला होता. नंबर दाखवा म्हटलं, तर त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. नंबर त्यालाही दिसत नव्हता, तिथे नुसतं एक बटन होतं. ते दाबलं की फोन लागतो. आई भाकऱ्या टाकायच्या सोडून माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. हात पिठानं भरलेले.

"लावा," मी म्हटलं.

हेल्मेट असल्यामुळे त्यानं मोबाइलचा स्पीकर लावला. घंटी जात राहिली. मी चौकट धरून उभी होते. उचलणार नाही, हे मला माहीत होतं. आणि फोन उचलला गेला.

"हॅलो, कोन?"

आवाज जाड झाला होता. मागे कसली तरी यंत्रं चालू होती. पण तो 'कोन' आमच्या घरातला होता.

"पार्सल हाय साहेब तुमच्या नावानं, अमरावतीले. घरचे घेऊन नाही राहिले."

"मी काही मंगवलं नाही."

"मंग वापस टाकू?"

"टाका."

फोन कटला नाही. यंत्रांचा आवाज येत राहिला. मी मोबाइल घ्यायला हात पुढे केला, तर आईनं पिठाच्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं. घाबरवू नको, असं तिला म्हणायचं होतं. मी नुसतं बोलले तरी तो पळेल, हे तिला माझ्यापेक्षा आधी कळलं होतं.

"घरी कोन हाय?" तिकडून आलं.

त्या माणसानं आमच्याकडे पाहिलं. "एक म्हातारी बाई हाय, अन् एक म्याडम."

मग तिकडून, "म्हातारी बाई बरी हाय?"

"बरी दिसते. भाकरी टाकून राहिली वाटते, हाताले पीठ हाय."

"तिले सांगा," तो म्हणाला, आणि थांबला. "तिले सांगा, माह्या नावाचं काही घेऊ नको म्हना. पैसे नको देऊ म्हना कोनाले."

तेवढ्यात आई ओरडली. मला गप्प बसवणारी आई स्वतःच ओरडली. "तुये बूट इथी आले रे बापू! इथी हाय तुये बूट!"

मोबाइलमधून काही आलं नाही. फोन तिच्या बोलण्याआधी कटला की नंतर, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच सांगता आलं नाही. त्या माणसानं पुन्हा बटन दाबलं, पुन्हा दाबलं. नुसती घंटी जात राहिली. त्यानं हेल्मेट काढून हातात घेतलं.

"आता वापस टाकतो मावशी. टाकलं का हे बटन जाते."

"मंग नको टाकू," आई म्हणाली. "आज घरी कोनी नाही असं टाक मोबाइलमंदी. उद्या घेऊन ये."

आणि त्यानं खरंच तसं केलं. दुसऱ्या दिवशी आला, दारात उभं राहून बटन दाबलं. तिसऱ्या दिवशीही आला. डोक्याला डोकं लावून आम्ही तिघं त्या मोबाइलवर वाकून उभे असायचो आणि रस्त्यानं जाणारे पाहत जायचे. कोणी उचललं नाही. त्यापुढे त्याला पार्सल ठेवून घेता येत नव्हतं. जाताना तो म्हणाला, "येईन बाप्पा मावशी, पुन्हा एखादं येईन." चोरांचं पार्सल पुन्हा येईल, असा धीर त्यानं दिला, आणि आम्ही तो घेतला.

पण मग पार्सलं थांबली. ज्या घरून माल परत येतो ते घर हे लोक सोडून देत असावेत. आई म्हणते, तो बोलला तशी ती वागेल, पैसे देणार नाही, फक्त बटन तेवढं दाबून घेईल. मी सध्या दर शनिवारी अमरावतीला जाते. गाडी थांबल्याचा आवाज आला की आईच्या आधी मीच फाटकाशी असते. शेजारच्यांचं काही आलेलं असतं. मी स्वतः त्याच्या नावानं काही मागवून पाहावं म्हटलं, तर त्यावर माझाच नंबर पडतो. वर्गात मी अजूनही मुलांना सांगते की न मागवलेलं पार्सल घ्यायचं नाही, आणि सांगताना आवाज थोडा खाली येतो. माझ्या भावाचा नंबर आमच्या दारापर्यंत आणणारे या जगात फक्त ते चोर होते, आणि त्यांनी आता आमचा नाद सोडला.