शाळेत न गेल्याचा दाखला

शाळा सोडल्याचा दाखला आणा, कारकून म्हणाला. मी म्हटलं, मुलगी शाळेत गेलेलीच नाही, घरी शिकते. मग आधी एखाद्या शाळेत घाला आणि लगेच काढा, म्हणजे दाखला मिळेल, असा तोडगा त्याने सुचवला. तो थट्टा करत नव्हता, याचाच मला जास्त संताप आला.

लेकीला मुक्त शाळेच्या पाचवीच्या परीक्षेला बसवायचं होतं. दाखल्याऐवजी प्रतिज्ञापत्र चालतं, ते मी जोडलं होतं. पण मूल खरंच शिकतंय की नुसतं घरी बसवलंय, याची खात्री झाल्याशिवाय अधिकारी बाई अर्जावर सही करत नाहीत म्हणे. सही नाही तर परीक्षा नाही, वर पोरीचं नाव शाळाबाह्य मुलांच्या यादीत. मुलुंडहून अंधेरीपर्यंत रिक्षात मी तिच्याकडून नद्या, भागाकार, सगळं घोकून घेतलं. भागाकार ती कोळणीच्या टोपलीतल्या मासळीच्या वाट्यांवर शिकली होती, तरी मला धीर नव्हता. शिक्षण खात्याच्या कचेरीत बाकावर बसून मी सारखी पदर नीट करत होते.

सोबत सासरे होते. त्यांचा जन्म गिरणीत गेला, आणि सरकारी माणसाशी जेवढ्यास तेवढं बोलावं, हा त्यांचा धडा. दुपारी दार तेच उघडायचे. गॅसवाला असो, गाववाला असो, पोर घरी कशी असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, आज तिला बरं नाही. सून नातीला शाळेत घालत नाही हे गावच्या मंडळात कळलं तर काय, ही धास्ती. मी वाद घातला की म्हणायचे, "कित्याक व्हयी ती कटकट?" मीही मग सोडून द्यायची. हातात पोळ्या असताना कोण भांडणार.

शेवटी आत बोलावलं. बाई हसतमुख होत्या. कागद चाळता चाळता, कुठल्याही मुलाला विचारतात तसं त्यांनी सहज विचारलं, "काय गं, आज शाळा नाही?"

"आज बरं नाही, म्हणून घरी आहे," लेक म्हणाली. अडखळलीसुद्धा नाही.

सासरे पंख्याकडे बघायला लागले. बाईंनी पेन खाली ठेवलं. "इथे तर आईने लिहिलंय, तू शाळेत गेलेलीच नाहीस. मग खरं काय?"

लेकीने आधी आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी घरी शिकते. पण ते कुणाला सांगायचं नसतं."

सासरे उठून उभे राहिले. खोटं पोरीचं नाही, आपलं आहे, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. त्यांना असं कुणापुढे वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना. बाईंनी त्यांना बसवलं. मग लेकीला बराच वेळ काय काय विचारलं. त्यात घोकलेलं काहीच नव्हतं, तरी ती घडाघडा बोलत राहिली.

सही झाली. जिना उतरताना तिने माझा हात ओढला. "आई, आता बिल्डिंगमध्ये पण खरं सांगू?"

सासरे दोन पायऱ्या खाली थांबले होते, वळले नाहीत. हो म्हणायला मला वेळ लागला.