रेसिड्यू-फ्री भाची

मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि एका फार्मसी कॉलेजात शिकवते. वनस्पतींमधली द्रव्यं वेगळी काढायची आणि ती अपस्माराची फिट थोपवतात का ते पाहायचं, असं काम आमच्याकडे चालतं. उंदरांवर. मेढ्याच्या डोंगरातून आणलेला पोतंभर पाला वाळवून, दळून, उकळून शेवटी काचेच्या बशीत चिमूटभर काहीतरी उरतं. त्या चिमटीबद्दल आम्ही लिहितो की पुढेमागे तिचा उपयोग होण्याची शक्यता आहे. एका वार्ताहराने याची बातमी केली. जागा कमी पडली असावी, त्याने 'शक्यता' तेवढी गाळली.

तेव्हापासून नातेवाइकांत माझा भाव वाढला. मी काय शिकवते हे ज्यांना इतक्या वर्षांत विचारावंसं वाटलं नव्हतं, ते आता साखरेवर आणि केस गळण्यावर पाला विचारू लागले. इथपर्यंत करमणूक होती.

मग एका शनिवारी सकाळी तासगावहून वहिनीचा फोन आला.

"वन्सं, ब्राह्मीचा रस जेवायच्या आधी द्यायचा का जेवल्यावर?"

"कोणाला?"

"आवं, तुमच्या भाचीला. तुमच्याच कॉलेजचं औषध हाय की, पेपरात आलं हुतं."

भाचीला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला, शाळेत असल्यापासून फिट येत असे. डॉक्टरांच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू होत्या आणि कॉलेज संपल्यापासून एकदाही फिट आली नव्हती.

"आणि गोळ्या?"

"त्या बंद केल्यात ह्यांनी, चार दिस झालं."

फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या की काय होऊ शकतं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. स्कूटर काढली.

दादाची द्राक्षबाग आहे, माल परदेशी जातो. घडांवर औषधाचा अंश राहू नये म्हणून तोडणीच्या आधी काही दिवस फवारणी थांबवतात, मग नमुना तपासून घेतात. असा माल रेसिड्यू-फ्री म्हणून मिरवतो. दुसऱ्या दिवशी, रविवारी, भाचीला बघायला पाहुणे येणार होते. दादाने तेच गणित लेकीला लावलं होतं.

"पाव्हण्यांनी इचारलं, पोरीला कसल्या गोळ्या चालू हायत का, तर काय सांगू?" तो म्हणाला. "खोटं बोलायची सवय न्हाई मला. म्हणून आधीच थांबवल्या. अंगातला अंश निघून जाईल."

"दादा, ती तुझी लेक आहे. तिला कंटेनरमध्ये भरून पाठवायचंय का?"

"आगं, मोकळी न्हाई सोडली. ब्राह्मी चालू हाय. नैसर्गिक हाय ती."

"आणलीस कुठून?"

त्याने मोठ्या अभिमानाने बागेत नेऊन दाखवली. ठिबकच्या नळीखाली, वेलींच्या सावलीत ब्राह्मी नुसती माजली होती. वर मांडवावर हंगामभर जे जे फवारलं, ते गळून तिच्यावरच पडलेलं.

"द्राक्षं परदेशी जाण्याआधी तपासून घेतोस. हा पाला तपासलास?"

दादाने पाल्याकडे पाहिलं, मग मांडवाकडे पाहिलं.

"धुऊन घेतो आमी," तो म्हणाला.

"मणी फुगवायचं औषध ग्रॅमच्या काट्यावर मोजतोस. लेकीला पाला किती देतोस?"

"वंजळभर."

"कोणाची ओंजळ? तुझी का वहिनीची?"

"माझी," वहिनी मागून म्हणाली. "ह्यांची लय मोठी हाय."

झाडात काही नसतं असं मी म्हणत नाही, माझा पगार त्यावरच निघतो. पण किती द्यायचं, कोणाला द्यायचं, कशाबरोबर द्यायचं नाही, हे आम्हाला अजून कळायचंय. तोवर उंदरालाही आम्ही त्याचं वजन करूनच देतो. हे सगळं मी घरात येऊन ऐकवत होते, तेवढ्यात भाची चहा घेऊन आली. तिचा हात खांद्यातून झटका बसल्यासारखा उडाला आणि कपबशी फरशीवर फुटली.

"आत्या, असा उडतोय रोज सकाळी," ती म्हणाली. "पप्पांना सांगितलं तर म्हणतात, पाव्हणे येणार म्हणून घाबरलीयस."

मी डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला. गोळ्या आत्ताच्या आत्ता पहिल्यासारख्या सुरू करा, तिला एकटं ठेवू नका, फिट आली तर लगेच घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "बंद कोणी केल्या?" दादा विहिरीवरची मोटार बघायला निघून गेला. वीज सकाळपासून नव्हती.

गोळ्या फवारणीच्या औषधांच्या कपाटात कुलपात ठेवलेल्या निघाल्या. भाचीने गोळी गिळली आणि म्हणाली, "उद्या मीच सांगणार."

"आगं, पाव्हणं उठून जातील!" वहिनी म्हणाली.

"जाऊ देत. लग्नानंतर गोळ्या कुठं लपवू? पिठाच्या डब्यात?"

मी मुक्कामाला राहिले. फिट आली नाही. ते नशीब, त्याचं श्रेय ब्राह्मीला देऊ नये.

रविवारी पाहुणे टेकतात न टेकतात तोच तिने सांगितलं: मला फिट यायची, गोळ्या चालू आहेत, चालूच राहणार. मुलगा ताटलीतल्या चिवड्यात शेंगदाणे शोधू लागला. त्याची आई आधी सावरली.

"गोळ्या कशाला गं? आमच्या गावात एकजण पाला देतो. नाकात पिळायचा."

"कसला पाला?" मी विचारलं.

"ते सांगत न्हाईत. सांगितलं की गुण जातो."

"बरंय त्यांचं," मी म्हणाले. "आम्हाला सांगावं लागतं."

आठवड्याच्या आत नकार आला. पत्रिका जुळत नाही म्हणे. पत्रिका जुळवूनच ते आले होते. दादा त्यांच्यावर नाही, माझ्यावर रुसला.

बेदाण्याच्या दिवसांत पुन्हा गेले, तेव्हा तो शेडमध्ये फोनवर कोणा नव्या स्थळाशी ओरडून बोलत होता.

"पोरगी फिटच्या गोळ्या खाती, सकाळ-संध्याकाळ, आन ठणठणीत हाय. व्हय, आधीच सांगतोय. चालत आसंल तर या... न्हाई चालत? बरं, मग बेदाणं तरी न्या."