काठाचा लाल दोरा

नोकरी लागली त्या वर्षी मी एका जागी धड बसल्याचं आठवत नाही. सकाळी सातला कोल्हापूरच्या स्टँडवरून एसटी, आठच्या सुमारास कबनूरला उतरायचं, आणि संध्याकाळी सहाला उलटा प्रवास. बसमध्ये खिडकी मिळाली की मी वही काढायचे, आणि हातकणंगले यायच्या आत शेजारची बाई हमखास विचारायची, "परीक्षा हाय काय?" नाही म्हटलं की तिचा चेहरा पडायचा. एवढ्या मोठ्या मुलीनं परीक्षा नसताना वहीत लिहावं, हे तिच्या गळी उतरायचं नाही. शेवटी मी "व्हय, बँकेची" असं सांगायला शिकले. मग ती मला यश चिंतायची आणि झोपून जायची.

मी गोष्टी लिहीत होते. घरात सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणाचा विरोध नव्हता. विरोध असता तर निदान भांडता आलं असतं. "लिहितेस ते चांगलंच आहे," असं म्हणून लोक लगेच दुसरं काम सांगायचे.

कापडाच्या शाखेची पदवी घेऊन मी कबनूरच्या एका कारखान्यात तपासणीला लागले होते. मागावरून उतरलेला कापडाचा तागा काचेच्या तिरक्या टेबलावरून सरकत यायचा, काचेखाली दिवा, आणि मी डोळे फाडून बघत उभी. तार तुटली असेल, जाड धागा आला असेल, तेलाचा डाग पडला असेल, तर तिथं कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायचा आणि तागा पुढे सोडायचा. शेवटी एक चिठ्ठी भरायची: किती मीटर, कोणते दोष, माझी सही. चिठ्ठी ताग्याला बांधली की माझं काम संपलं. तागा खाली मेंडिंगच्या खोलीत जायचा. तिथल्या बायका लाल दोरा शोधत जायच्या आणि सुईनं ती तुटकी तार भरून काढायच्या. त्या खोलीत मी पहिले सहा महिने एकदाही गेले नव्हते. जायची गरजच पडली नव्हती.

मोबाइल गेटवर जमा करावा लागायचा, वही आत नेऊ देत नव्हते. पण गोष्टीतलं वाक्य काही जेवणाची सुट्टी बघून सुचत नाही. म्हणून मी चिठ्ठीच्या कोऱ्या मागच्या बाजूवर लिहायचे आणि ती ॲप्रनच्या खिशात कोंबायचे. परतीच्या बसमध्ये खिसा रिकामा करून सगळं वहीत उतरवायचं. त्यात नेहमी चार-दोन वाक्यं कमी भरायची. वाटायचं, चिठ्ठी पडली असेल कुठेतरी, किंवा मी ते लिहिलंच नसेल, नुसतं मनात आलं असेल. माझा माझ्या डोक्यावर तेवढाही भरवसा उरला नव्हता. टेबलापाशी उभी असले की गोष्ट आठवायची, गोष्टीपाशी बसले की ताग्यातला एखादा दोष नजरेतून सुटला की काय, अशी धाकधूक व्हायची. आईशी बोलताना दोन्ही व्हायचं, आणि आई अस्सल कोल्हापुरी ढंगात म्हणायची, "अगं, मी भिंतीशी बोलतोय काय?"

अशात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. मी त्यांना एक मोठी गोष्ट पाठवली होती. एक बाई सासरचं घर सोडून अंगावरच्या साडीनिशी कोल्हापूरच्या स्टँडवर येते, दिवसभर बाकावर बसते, शेवटची बस चुकते, आणि ती परत जाते. एवढीच गोष्ट. संपादक म्हणाले, "गोष्ट चांगली आहे, पण शेवट उरकल्यासारखा झालाय. ती परत का जाते, ते मला पटत नाही. गणपतीच्या आधी बदलून पाठवा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी बघू" हे मी वेगवेगळ्या संपादकांकडून तीन वर्षं ऐकत होते. या वर्षी गोष्ट छापून आली नाही तर लिहिणं सोडून द्यायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. रागाच्या भरात ठरवलं होतं, पण ठरवलं होतं. गणपतीला पाच आठवडे होते.

पाच आठवडे म्हणजे पाच रविवार, आणि ते आईनं जोतिबाला देऊन टाकले होते. माझं लग्न जमावं म्हणून तिनं पाच रविवारांचा नेम धरला होता, आणि ज्या मुलीसाठी नेम तिनं बरोबर यायलाच हवं, हे ओघानंच आलं. मी कुरकुरले तर म्हणाली, "लिही की, तुला कोण अडवलंय? डोंगरावर बसून लिही. हवा बी चांगली असते." तिसऱ्या रविवारी मी खरंच वही घेऊन गेले. देवळाच्या ओवरीत बसून दोन ओळी लिहिल्या असतील, तेवढ्यात कुणीतरी चांगभलं म्हणत गुलाल उधळला आणि अख्खं पान गुलाबी झालं. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "देवाची खूण हाय बग." मी देवावरही चिडले.

चौथ्या रविवारी आईचे पाय दुखत होते, म्हणून जायचं रद्द झालं. अख्खी दुपार माझी होती. मी टेबल पुसलं. मग पंखा पुसला. मग कपाट लावलं. जी वाक्यं मशीनच्या खडखडाटात, उभ्या उभ्या सुचायची, त्यांतलं एकही त्या शांत खोलीकडे फिरकलं नाही. आई चहा घेऊन आली तर मी तिच्यावरच खेकसले, "बसू दे ना मला जरा!" ती कप ठेवून गेली. वेळ नसतो म्हणून लिहिता येत नाही, असं मी नोकरी लागल्यापासून सगळ्यांना सांगत आले होते. आता वेळ होता. मला त्या दुपारची भीती वाटली, आणि सोमवारी बसमध्ये बसल्यावर चक्क बरं वाटलं.

त्याच आठवड्यात बाहेरगावी जायच्या मालाची घाई सुरू झाली. तागे एकामागून एक येत होते, पाणी प्यायला सवड नव्हती, आणि नेमका तेव्हाच मला शेवट सुचला. बाई परत कशी जाते, वाटेत काय बघते, दारात कोण उभं असतं, सगळं. मी सात चिठ्ठ्या भरून लिहिल्या. एका डोळ्यानं कापड, एका डोळ्यानं ती बाई. संध्याकाळी बसमध्ये खिसा उलटा केला तर दोनच चिठ्ठ्या निघाल्या.

काय झालं असेल ते रुईच्या फाट्यापर्यंत माझ्या लक्षात आलं. लिहून झालं की मी तीच चिठ्ठी उलटी करून, सवयीनं मीटर आणि दोष भरून, ताग्याला बांधत होते. आणि हे आजच झालं नव्हतं. हरवलेली सगळी वाक्यं अशीच गेली होती. माझ्या सहीसकट. मालाबरोबर ती गिऱ्हाइकाकडे पोचली, तर नोकरी तर जाणारच, पण त्याहून मला रडू येत होतं ते शेवट गेला म्हणून. मी तो आठवून पाहिला. दारात कोण उभं होतं तेवढंच आठवलं.

दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आधी मी धावत मेंडिंगच्या खोलीत गेले. दहा-बारा बायका मांडीवर कापड घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यातल्या वयानं मोठ्या बाईंना सगळे मावशी म्हणायचे. जोतिबाच्या पायथ्याच्या एका गावातल्या त्या, आणि कबनूरला एक खोली घेऊन एकट्या राहतात, एवढं मी ऐकून होते.

"मावशी, काल माझ्या काही चिठ्ठ्या..."

"याच न्हवं?" त्यांनी सुयांचा पत्र्याचा डबा उघडला. कालच्या पाच तर होत्याच, पण त्यांच्याखाली आणखी तीस-चाळीस होत्या. एकावर एक रचून वर दोरा बांधलेला.

"तसल्या चिठ्ठ्या फुडं धाडून तुजी नोकरी घालवायची व्हय? दुसऱ्या लिवून लावल्या आमी. मीटर तेच, दोष तेच, सही बी तशीच."

"आणि या?"

"डब्याच्या सुट्टीत वाचतोय की. मागचं-फुडचं लागत न्हाई, पर बाई कळती."

मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त आनंद झाला, आणि आनंद झाला याची पुन्हा लाज वाटली. तीन वर्षांत मला एक वाचक मिळाला नव्हता आणि इथं बारा जणी माझ्या चिठ्ठ्या जुळवत बसल्या होत्या.

"पर शेवट काय पटला न्हाई," मावशी म्हणाल्या.

मघाचा आनंद क्षणात उतरला. "का? काय झालं शेवटाला?"

"बस चुकली म्हणून कोण परत जातंय? एक चुकली तर दुसरी येती की. आन् न्हाई आली तर मानूस बाकावर झोपंल. तू दोरा बांधलास आन् फुडं गेलीस. मदली तार कोन भरनार?"

बाकीच्या बायका हसल्या. मला राग आला. "मग का जाईल ती, तुम्हीच सांगा!"

मावशींनी सुईत दोरा ओवला. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'गेलो, बसलो' असंच बोलतात, तशा त्या बोलल्या. "मी गेलतो की परत. सकाळधरनं स्टँडवर बसलो. पाच वाजलं, धारंची वेळ झाली. आमची म्हस दुसऱ्या कुनाच्या हाताला पान्हा सोडत न्हवती. दावनीला वरडत आसंल, आसं वाटलं आन् उठलो. नवऱ्यासाठनं न्हाई, सासूसाठनं न्हाई. म्हशीसाठनं."

हा शेवट मला शंभर रविवार मिळाले असते तरी सुचला नसता.

"मावशी, हे लिहू मी?"

"लिव की. माझं काय जातंय? पर आयक..."

तेवढ्यात घंटा झाली, वरून कुणीतरी तागा चढवल्याची हाक मारली, आणि मी "येते, येते" म्हणत जिना चढून पळाले. दुपारी पोटात दुखतंय असं खोटं सांगून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि अडीचची बस पकडली. घरी गेलेच नाही. कोल्हापूरच्या स्टँडवर, त्या बाईच्या बाकावर बसूनच लिहिलं. पाच वाजता मान वर केली तेव्हा समोर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, आणि मला खरोखर म्हैस ओरडताना ऐकू येत होती. शेवटचं वाक्य लिहिलं: त्यानंतर ती पुन्हा कधी स्टँडच्या वाटेला गेली नाही. हे वाक्य मला फार आवडलं. दिवेलागणीला घरी जाऊन टाइप करून पाठवून दिलं. दोन दिवसांनी संपादकांचं उत्तर आलं, "आता झाली गोष्ट. शेवटचं वाक्य तर काळजाला भिडलं."

दिवाळीत अंक आला. आईनं तो अख्ख्या गल्लीला दाखवला आणि बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे पोह्यांच्या आधी ठेवला. बसमध्ये परीक्षेचं विचारणाऱ्या एका बाईला मी पहिल्यांदा खरं सांगितलं. एक अंक मावशींना दिला. पहिल्या पानावर सही करून, जरा मिरवतच.

चार-पाच दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मी खाली गेले. मावशींनी अंक पुढे केला. गोष्टीच्या शेवटच्या पानाच्या काठाला लाल दोरा होता. सुईनं नीट ओवून, आम्ही कापडाला बांधतो तशी गाठ मारलेली.

"हितं दोष हाय," मावशी म्हणाल्या.

दोरा बरोबर त्या शेवटच्या वाक्यापाशी होता.

"स्टँडवर गेलतो की मी," त्या म्हणाल्या. "आनखी दोनदा गेलतो. दुसऱ्यांदा बी परतलो, म्हशीपायीच. तिसऱ्या बारीला आदी म्हस इकली, मग गेलो. तवापासनं हितंच हाय की."

ही बाई सहा महिने माझ्या पायाखालच्या खोलीत बसली होती. कबनूरात एकटी, स्वतःच्या हातानं कमावून राहत होती. ती इथं आली कशी, हे विचारावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं. मला अर्धीच गोष्ट पुरली, कारण मला अडीचची बस गाठायची होती. आणि त्या अर्ध्या गोष्टीत मी तिला कायमची त्या गोठ्यात परत पाठवून, छापून, सही करून मोकळी झाले होते.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला होता. राग कुणाचा आला होता ते मला कळत होतं.

"तू थांबलीस कुटं?" मावशी म्हणाल्या आणि मांडीवरचं कापड सारखं केलं.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. वर तागा चढवलेला असणार होता. मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसले.

"म्हैस कुणाला विकलीत?" मी विचारलं.